तक्रार पत्र: दूरच्या कॉम्प्युटरसाठी पडद्यावर दिलेला मेनू पूर्ववत करण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ॲपच्या नव्या आवृत्तीतील मेनूमुळे झालेले नुकसान

महोदय,

वेंगुर्ल्यात आमचा काजूगर काढायचा छोटा कारखाना आहे. हिशेबाचा कॉम्प्युटर तिथे असतो आणि मी बरेचदा बाहेर असते, कधी सावंतवाडीला बँकेत, कधी बेळगावला व्यापाऱ्यांकडे. तिथून मोबाइलवर तुमच्या ॲपमधून कॉम्प्युटर उघडायचा, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल करायचं आणि कारखान्यातल्या प्रिंटरवर छापायचं. तिथली मुलगी तो कागद टेम्पोवाल्याकडे देते. तुमची वार्षिक वर्गणी मी एवढ्यासाठीच भरते.

जुन्या आवृत्तीत पडद्याच्या तळाशी कंट्रोल, आल्ट, एस्केप, बाण आणि एफ १ ते एफ १२ अशा बटणांची पट्टी कायम दिसायची. टॅलीत हात बसला की माणूस माऊसला फारसा शिवत नाही. एफ ८ ने विक्रीचं व्हाउचर उघडतं, कंट्रोल आणि ए ने ते जतन होतं. मोबाइलच्या कीबोर्डवर ही बटणं नसतातच, म्हणून पट्टी हवी. ती तुम्ही काढलीत आणि सगळं तीन टिंबांच्या मागे लपवलंत. टिंबं दाबा, मग ‘कीबोर्ड’, मग ‘विशेष बटणे’. एवढं करून कंट्रोल दाबलं की मेनू मिटतो, आणि ए दाबेपर्यंत कंट्रोल सुटलेलं असतं. व्हाउचर जतन होत नाही, रकान्यात नुसतं ते अक्षर उमटतं. दोन बटणं एकत्र दाबायची सोयच उरलेली नाही. मेनू बदलण्याआधी रोज बिलं करणाऱ्या एखाद्या तरी ग्राहकाला विचारायला हवं होतं.

चतुर्थीच्या आधी काजूला मागणी असते. त्या गडबडीत बेळगावचा माल भरून टेम्पो दारात उभा होता. माल कर्नाटकात जायचा, किंमत ५० हजारांच्या वर, म्हणजे ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागणार, आणि त्यात आधी आमच्या बिलाचा नंबर घालावा लागतो. बिलच जतन होईना. दुपारी निघायची गाडी अंधार पडल्यावर निघाली. भर पावसाळ्यात आंबोली घाट रात्री चढायला लावणं म्हणजे काय, हे इकडच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. गाडी सुखरूप पोचली, पण तोवर व्यापाऱ्याने निम्मी ऑर्डर दुसरीकडे दिली होती.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. नव्या मेनूत ‘डिस्कनेक्ट’च्या लगेच खाली ‘शट डाऊन’ आहे. कीबोर्ड उघडला की अख्खा मेनू वर सरकतो आणि बोटाखाली भलतंच बटण येतं. ‘नक्की बंद करायचा का?’ असा प्रश्नही ॲप विचारत नाही. रविवारी कारखान्याला कुलूप असताना कॉम्प्युटर असाच बंद झाला. तुमच्या प्रतिनिधीने मेनूतला ‘जागा करा’ हा पर्याय वापरायला सांगितलं. पण बंद कॉम्प्युटर सुरू करायचा तो संदेश त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या चालू यंत्रातून पाठवावा लागतो, आणि आमच्याकडे दुसरं यंत्र नाही. गेलेली वीज परत आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा अशी सेटिंग मी केलेली आहे, कारण पावसात इथे वीज जातच असते. पण मागे इन्व्हर्टर असल्याने कॉम्प्युटरपर्यंत वीज खंडित होतच नाही. शेवटी कुलूप उघडायला माणूस पाठवावा लागला.

यावर ‘ॲप काढून पुन्हा टाका’ हे छापील उत्तर दोनदा पाठवू नये. ॲप बिघडलेलं नाही, त्याची मांडणी चुकली आहे. बटणांची पट्टी परत द्या. कंट्रोल आणि आल्ट पुन्हा दाबेपर्यंत धरलेले राहू देत. ‘शट डाऊन’ वेगळ्या जागी ठेवा आणि त्याआधी विचारणा करा. हे होईपर्यंत जुनी आवृत्ती वापरायची मुभा द्या. ते जमत नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि तिथेही दाद मिळाली नाही तर सिंधुदुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. वर्गणीची पावती, टेम्पोच्या जादा भाड्याची पावती आणि मेनूचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपली,
वार्षिक वर्गणीदार ग्राहक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग