ताई, हॉटेलचं नाव न सांगता केलेल्या मदतीबद्दल थँक्यू

ताई, सप्रेम नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच आईच्या गुडघ्यांवर गाडी नेता, म्हणून आता लेखीच देते आणि सगळ्यांना वाचता येईल असं देते, म्हणजे मध्येच तोडता यायचं नाही. शिवाय समुद्रकाठच्या शहरात दोन-तीन रात्रींसाठी मधल्या बजेटचं हॉटेल शोधणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी तुम्हाला विचारलं होतं फक्त एवढंच की चांगलं हॉटेल कुठलं. तुम्ही इतकी वर्षं हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर काढलीत, तुम्हाला माहीत असणारच की. आणि तुम्ही नाव सांगायचं सोडून मलाच प्रश्न विचारायला लागलात, कोण कोण येणार, रात्री बाथरूमला कोण उठतं, गाडी किती वाजता पोचते, परतीची कधी आहे, आणि सगळ्यात शेवटी "पाण्यात उतरायचंय की नुसतं बघायचंय?" खरं सांगू का, तेव्हा जाम वैताग आला होता. म्हटलं ह्यांना सांगायचं नसेल तर तसं म्हणावं.

पण त्या शेवटच्या प्रश्नानेच निम्मी यादी गळाली. समुद्रकाठचं शहर म्हटलं की डोळ्यासमोर वाळू येते, प्रत्यक्षात अशा शहरांच्या किनाऱ्याचा बराचसा भाग बंदराचा असतो, नाहीतर धक्के, गोदामं, कुंपण, दगडी बांध, नाहीतर नुसता फिरायचा लांबलचक रस्ता. समुद्र दिसतो सगळीकडून, पाय ओले करता येतात ते ठरावीक ठिकाणी, आणि ते ठिकाण शहराच्या भलत्याच टोकाला असू शकतं. आमच्याकडे बाबांना बसून बघायचं होतं आणि पोराला पाण्यातून बाहेर यायचं नव्हतं. तुम्ही म्हणालात मग हॉटेल वाळूपासून आईला चालता येईल एवढ्या अंतरावर बघ, स्टेशनजवळचं नको, स्टेशनला आपण येताना एकदा आणि जाताना एकदाच जाणार.

मग ते अंतराचं प्रकरण. "समुद्रापासून पाचशे मीटर" हे जाहिरातीत लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा नकाशावर सरळ रेघ मारून. तुम्ही मला नकाशाचा सॅटेलाइट व्ह्यू उघडायला लावलात आणि म्हणालात आता हॉटेलच्या दारातून बाहेर पड आणि बोटाने चालत जा. मी गेले. दोन चौक ओलांडले आणि पुढे रेल्वेलाइन! पलीकडे जायला पूल होता तो पार लांब, पाचशे मीटरचे चालायच्या रस्त्याने दीड-दोन किलोमीटर झाले. दुसऱ्या एका ठिकाणी मध्ये मोठा हायवे होता आणि ओलांडायला नुसते जिने. आईला घेऊन जिने म्हणजे झालंच कल्याण. त्या एका संध्याकाळी मी पलंगावर पडून जितकं "चालले" तितकी वर्षभरात चालले नसेन.

अजून एक गंमत तुमच्यामुळेच कळली, की सॅटेलाइटच्या फोटोत दिसणारी ऐसपैस वाळू ओहोटीच्या वेळेची असू शकते. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरतीला पाणी जास्त वर चढतं आणि ओहोटीला जास्त मागे जातं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्हींतला फरक कमी. हे शाळेत घोकलेलं होतं हो, पण त्यावरून सुट्टीच्या तारखा ठरवायच्या असतात हे कुणी शिकवलं! सपाट किनारा असेल तर ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोरगं चिखलात उभं आणि समुद्र तिकडे लांब, आणि उलट काही ठिकाणी भरतीला वाळू उरतच नाही, लाटा थेट भिंतीवर. तुम्ही त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक काढायला सांगितलंत, त्याच बंदराचं, शेजारच्या शहराचं नाही कारण वेळा बदलतात, आणि आम्ही पाण्यात जायचं सकाळचं आणि बाकी फिरणं दुपारनंतरचं असं त्यावरच बसवलं.

पाण्यात उतरण्याबद्दलचं तुमचं बोलणं मी पोराला जसंच्या तसं ऐकवलं. लाल-पिवळा झेंडा लावलेला असेल तिथे जीवरक्षकांचं लक्ष असतं, त्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं, नुसता लाल दिसला की पाण्यात पाय घालायचा नाही. आणि लाटांच्या मधला जो पट्टा शांत दिसतो, जिथे लाटा फुटत नाहीत, तिथेच आत ओढणारा प्रवाह असू शकतो, त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झटत बसायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. नवऱ्याला हे माहीतच नव्हतं आणि तो स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो.

आता व्ह्यूचं. सी फेसिंग, सी व्ह्यू, पार्शल सी व्ह्यू, साइड सी व्ह्यू, मला हे सगळं एकच वाटायचं. तुम्ही म्हणालात सी फेसिंग म्हणजे साधारण खिडकी समोरासमोर, बाकीच्यांत प्रत्येक हॉटेलची आपापली व्याख्या, पार्शलमध्ये गॅलरीत जाऊन मान तिरकी केल्यावर दोन इमारतींच्या फटीतून निळं दिसलं तरी ते खरंच धरतात. आणि मग तुम्ही जे म्हणालात ते मला सगळ्यात पटलं, की तुम्ही खोलीत जागे असणार किती वेळ? दिवसभर बाहेर, रात्री समुद्र काळा. तीन रात्रींसाठी व्ह्यूचे जास्तीचे पैसे भरायचे तर बाबांसाठी भर, कारण तेच एकटे खोलीत बसणारेत. आम्ही तेच केलं, त्यांची खोली समोरची घेतली आणि आमची मागची. दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, तो त्यांच्या गॅलरीत असा काही भणभणत होता की पेपर वाचता येईना, पण माणूस खूश! रात्री वारा उलटा फिरतो आणि मंदावतो, तेव्हा ते परत गॅलरीत.

खारी हवा हा तुमचा दुसरा लाडका विषय. मिठामुळे एसीचे बाहेरचे युनिट, नळ, कड्या, बिजागऱ्या सगळं लवकर गंजतं, म्हणून समुद्राजवळच्या हॉटेलला किती स्टार आहेत यापेक्षा शेवटचं काम कधी काढलं होतं ते विचार, असं तुम्ही म्हणालात. स्टारचं तसंही जगभर एकच मोजमाप नाहीये, देशागणिक नियम वेगळे, आणि ते बरेचसे सोयी मोजतात, लिफ्ट आहे का, रिसेप्शन किती तास उघडं वगैरे, गादीला ओलीचा वास येतो का हे त्यात कुठे कळणार. त्यासाठी रिव्ह्यू. तेही तुमच्या पद्धतीने, सगळ्यात नवे आधी लावायचे, सरासरी आकड्याकडे बघायचंच नाही आणि सर्चमध्ये थेट "वास", "ओल", "आवाज", "लिफ्ट" असे शब्द टाकायचे. फोटो हॉटेलने टाकलेले नाही, राहून गेलेल्यांनी टाकलेले बघायचे, कारण हॉटेलचे फोटो वाइड लेन्सने कोपऱ्यात उभं राहून काढतात आणि त्यात दोन पलंगांच्या मधे पाहुण्यांची पंगत बसेल असं वाटतं.

आणि मग फोन. बुकिंग कुठूनही कर पण एकदा हॉटेलच्या डेस्कवर फोन करच, तोही दुपारी, चेकआउटची गर्दी संपल्यावर आणि चेक-इनची सुरू व्हायच्या आत, म्हणजे समोरच्याला बोलायला वेळ असतो. मी कागदावर तुमचे प्रश्न लिहून घेतले आणि धीर करून लावला. बाथरूमला उंबरा आहे का, आंघोळीला टबमध्ये चढावं लागतं की सपाट आहे, धरायला दांडा आहे का, खोली लिफ्टजवळ आहे का पण अगदी चिकटून नाही ना, खिडकीखाली जनरेटर किंवा किचनचा एक्झॉस्ट आहे का, आणि त्या तारखांना हॉलमध्ये काही कार्यक्रम आहे का. पलीकडचा मुलगा आधी पाठ केल्यासारखं सगळ्याला "येस मॅडम" म्हणत होता, उंबऱ्याचं विचारल्यावर थबकला. "एक मिनिट, मी बघून येतो," म्हणाला, आणि खरंच गेला बिचारा. परत येऊन सांगितलं की मॅडम, उंबरा वीतभर आहे, पण खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नाहीये, त्यातली एक समोरची आहे, लिहून ठेवू का? ताई, त्या क्षणी मला तुम्हीच पलीकडे बसलाय असं वाटलं. वेबसाइटवर हे कुठेही नव्हतं, आणि आई तीनही रात्री एकटी बाथरूमला जाऊन आली, मला एकदाही उठवलं नाही.

पैशाचं थोडक्यात लिहिते. रिफंड मिळणारा दर आणि न मिळणारा दर यात थोडाच फरक असेल तर म्हातारी माणसं बरोबर असताना रिफंडवालाच घ्यायचा, कॅन्सल करायची शेवटची वेळ हॉटेलच्या गावच्या घड्याळाने धरायची, आणि टॅक्स धरून शेवटचा आकडा बघितल्याशिवाय दोन हॉटेलांची तुलना करायची नाही. चेक-इनला डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात ती सुटायला कधीकधी बरेच दिवस लागतात, डेबिट कार्ड दिलं तर तेवढे खरेच पैसे अडकून बसतात. हे माहीत नसतं तर मी तिथे भांडले असते. तारखांचं पण तुम्ही बरोबर ओळखलंत, ऑफिसवाल्यांवर चालणारी शहरातली मधल्या दर्जाची हॉटेलं शनिवार-रविवारी स्वस्त मिळू शकतात आणि वाळूवरची त्याच दिवशी महाग, मग दोन्ही प्रकार आठवड्यामधल्या आणि शनिवार-रविवारच्या अशा दोन्ही तारखांना टाकून बघितले.

निघायच्या आदल्या दिवशी परत फोन करायचा, साइटने दिलेल्या बुकिंग नंबरवर विसंबायचं नाही, हॉटेलच्या स्वतःच्या सिस्टीममध्ये आपलं नाव दिसतंय का ते विचारायचं आणि पोचायची वेळ नोंदवायला लावायची. मला वाटलं हे जरा अतीच होतंय. तेव्हा तुम्ही सांगितलंत की बरीच हॉटेलं मुद्दाम थोड्या जास्त खोल्या विकून ठेवतात कारण काही लोक येतच नाहीत, आणि सगळेच आले तर बहुधा रात्री उशिरा पोचणाऱ्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवायची वेळ येते. आमची गाडी रात्रीचीच होती! मी तीच वेळ लिहून घ्यायला लावली आणि फोनवर बोलणाऱ्याचं नावही विचारून घेतलं.

शेवटचा दिवस तर पूर्ण तुमचाच. चेकआउट सकाळी अकराला आणि परतीची गाडी रात्री, मधला वेळ ओल्या कपड्यांत कुठे काढणार? बॅगा ठेवून घेतातच, पण स्विमिंग पूलची चेंजिंग रूम चेकआउटनंतर वापरू देता का हे आधी विचार, असं तुम्ही म्हणालात. विचारलं, हो म्हणाले. त्यामुळे शेवटची सकाळ वाया न जाता पाण्यात गेली आणि पोरगं आंघोळ करून, कोरडे कपडे घालून गाडीत बसलं. ओले कपडे न्यायला जाड पिशवी मात्र घरून न्यायची, खाऱ्या दमट हवेत काही वाळत नाही.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही ते पण सांगून टाकते. तुम्ही म्हणाला होतात नाश्ता धरून दर घेऊ नकोस, बाहेर हिंडत खा, स्वस्त पडतं. पडतं असेल. पण बाबांना औषधाआधी ठरल्या वेळी खायला लागतं, आई तयार व्हायला तास लावते आणि पोरगं सकाळी उठल्या उठल्या भुकेने रडकुंडीला येतं, अशा तीन माणसांना तीन वेळी एकाच मजल्यावर खायला मिळणं ह्याचे पैसे मी आनंदाने दिले आणि पुढच्या वेळीही देणार. तुम्ही कितीही हिशोब मांडून दाखवलात तरी!

आई-बाबांचा नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमचीच,
फोनवर डोकं खाणारी