विषय: रिकामा बसला की हँग होणारा कॉम्प्युटर आणि तुमचा 'दोष आढळला नाही' हा शेरा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्या कंपनीचा डेस्कटॉप मी १४ महिन्यांपूर्वी घेतला. वॉरंटी ३ वर्षांची आहे. गेले ५ महिने तो अधूनमधून हँग होतो. तुमच्या सर्व्हिस सेंटरला तो दोनदा जाऊन आला आणि दोन्ही वेळा 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून घरी परत आला. आता तिसऱ्यांदा घेऊन या म्हणताय. आणतो, पण त्याआधी हे पत्र कोणीतरी शेवटपर्यंत वाचावं.

हँग म्हणजे काय होतं ते आधी सांगतो, कारण तुमच्या तक्रार फॉर्मवर त्यासाठी 'स्लो परफॉर्मन्स' एवढाच पर्याय आहे आणि कॉम्प्युटर स्लो अजिबात नाही. तो थिजतो. माउसचा बाण असेल तिथे राहतो. कॅप्स लॉक दाबलं तर कीबोर्डवरचा दिवा लागतही नाही, विझतही नाही. पंखे मात्र मजेत फिरत असतात. निळा स्क्रीन येत नाही, एररचा आवाज नाही, काही नाही. पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नसते. कोपऱ्यातलं घड्याळही थांबलेलं असतं, त्यामुळे कधी हँग झाला ते तरी कळतं. सकाळी येऊन पाहावं तर स्क्रीनवर ३ वाजून १२ मिनिटं.

हे घड्याळ बघूनच मी वहीत नोंदी करायला लागलो. आजवर २३ नोंदी झाल्या आहेत. त्यातल्या २१ वेळा कॉम्प्युटरला कोणी हातसुद्धा लावलेला नव्हता, नुसता चालू होता. उरलेल्या दोन वेळा मी पीडीएफ वाचत होतो, म्हणजे पाच मिनिटांतून एकदा पान उलटणं, बस. आणि ज्या दिवशी चार-चार तास व्हिडिओ एक्सपोर्ट लावला, प्रोसेसर पूर्ण जुंपलेला, पंख्यांचा आवाज दुसऱ्या खोलीत येतोय, त्या दिवशी एकदाही हँग नाही. राबतो तेव्हा ठीक, बसतो तेव्हा मरतो. माझी सगळी तक्रार या एका वाक्यात आहे, आणि नेमकं हेच वाक्य तुमच्याकडे कोणी लिहून घेतलं नाही.

फोनवर काय काय सांगितलं गेलं ते थोडक्यात: अँटिव्हायरस काढा, अपडेट करा, मग फॉरमॅट मारा. फॉरमॅट मारला. पुन्हा हँग. पुन्हा फोन, नवा माणूस, पुन्हा फॉरमॅट. असं तीनदा. साप साप म्हणून भुई धोपटणं चालू होतं आणि दर वेळी माझे दोन दिवस सगळं परत टाकण्यात जात होते. (सुरुवातीचे तीन आठवडे मीही बायकोच्या ब्राउझरमधल्या चाळीस टॅबना दोष देत होतो. तिची माफी मागून झाली आहे.) चौथ्या प्रतिनिधीने कॅबिनेट उघडून रॅम काढून पुन्हा बसवायला सांगितली. ती फोन चालू असतानाच बसवली. आणि पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर काय लिहून आलं? 'ग्राहकाने कॅबिनेट उघडले आहे.' त्या फोनचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणार. ऐका.

आता तुमच्या तपासणीबद्दल. दोन्ही जॉबशीटवर एकच चाचणी आहे: ४५ मिनिटं फुल लोड, पास. ती पास होणारच. जो कॉम्प्युटर काम असताना कधीच हँग होत नाही, त्याला काम देऊन हँग होतो का बघितलंत. शिवाय तो दोन-तीन दिवसांतून एकदा थिजतो, मग पाऊण तासात काय सापडणार?

दुसऱ्या भेटीत तुमच्या टेक्निशियनने इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दाखवली आणि म्हणाला, तुमच्या घरच्या विजेचा प्रॉब्लेम आहे. ही नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद न होताच कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. बंद कोणी केला? मी, बटण दाबून धरून! त्याच नोंदीत खाली बगचेक कोड शून्य आहे, म्हणजे निळा स्क्रीन आलेला नाही, आणि पॉवर बटणाच्या वेळेचा आकडा शून्य नाही, म्हणजे बटण दाबून धरल्याची खूणही तिथेच आहे. शिवाय वीज गेली असती तर कॉम्प्युटर बंद पडला असता, पंखे फिरवत थिजला नसता. नोंद दाखवली, पण वाचली नाही.

त्यामुळे मीच शोधायला बसलो. रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवली, चार फेऱ्या, एकही एरर नाही. एसएसडीचा, म्हणजे डिस्कचा, स्मार्ट रिपोर्ट (तिच्या तब्येतीचा अहवाल) स्वच्छ. प्रोसेसरचं तापमान रिकामं असताना ४० अंशांच्या आसपास, लोडवर ७२, म्हणजे गरम होण्याचाही प्रश्न नाही. मग एसएसडी काढून ठेवली आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. दुसऱ्या रात्री तेही थिजलं. त्या क्षणी विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस, अपडेट, सगळे निर्दोष सुटले. वेगळी सिस्टिम, डिस्क जागेवर नाही, तरी हँग. हार्डवेअर, दुसरं काय? ही चाचणी तीन फॉरमॅटच्या आधी कोणी सुचवली असती तर बरं झालं असतं.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाचं एक सेटिंग आहे. ते 'ऑटो'वर होतं, मी 'टिपिकल करंट आयडल'वर केलं. काम नसलं की प्रोसेसर खोल झोपेत जातो आणि वीज अगदी नाममात्र ओढतो. एवढ्या कमी भाराला एसएमपीएसचा (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पुरवठा स्थिर राहिला नाही तर मशीन जागच्या जागी थिजतं. हे सेटिंग बदललं की वीज तितकी खाली जात नाही. १७ दिवस एकही हँग नाही. मुद्दाम परत 'ऑटो' केलं, दुसऱ्याच रात्री हँग. मग 'ऑटो' तसंच ठेवून भाच्याच्या मशीनमधला एसएमपीएस आणून जोडला. हे मी केलं, लपवत नाही. १२ दिवस ठणठणीत. तुमचा एसएमपीएस परत लावला, तिसऱ्या दिवशी वहीत २३ वी नोंद.

हे सगळं कस्टमर केअरला सांगितल्यावर उत्तर मिळालं, 'मग सर, ते सेटिंग तसंच ठेवा ना, प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला की.' आणि तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद. लंगडणाऱ्याच्या हातात काठी दिली म्हणून त्याचा पाय बरा होत नाही हो. उद्या बायोस अपडेट केलं, सेटिंग मूळ जागी गेलं, की पुन्हा तेच.

आणखी एक, कारण तुमचा माणूस हे पुन्हा म्हणेल: बायोसच्या स्क्रीनवर १२ व्होल्टच्या जागी १२.१ दिसतं, ११.४ ते १२.६ चालतं, म्हणून एसएमपीएस ठीक आहे. आकडा बरोबर आहे, पण बायोसच्या स्क्रीनवर असताना प्रोसेसर त्या खोल झोपेत जात नाही. जागा असताना मोजून झोपेतलं काय कळणार?

मला हवंय ते असं. एसएमपीएस वॉरंटीत बदलून द्या. नवा लावूनही हँग झाला तर मदरबोर्ड बघा, पण सुरुवात तिथून करा. जॉबशीटवरचा कॅबिनेट उघडल्याचा शेरा काढा आणि बंद केलेली तक्रार जुन्या तारखेसकट पुन्हा उघडा. तपासणी करायचीच असेल तर माझ्या पद्धतीने करा: बायोस 'ऑटो'वर, स्लीप आणि स्क्रीन ऑफ दोन्ही 'नेव्हर'वर, कॉम्प्युटर चालू करून ७२ तास त्याला हात लावू नका. फक्त मधूनमधून स्क्रीनवरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा.

सोबत वहीच्या पानांचे आणि थिजलेल्या स्क्रीनचे फोटो, दोन्ही जॉबशीट आणि खरेदीची पावती जोडली आहे. उत्तर लेखी द्यावं, आणि ज्याने हे पत्र वाचलं असेल त्यानेच द्यावं. मशीन येत्या सोमवारी आणून देतो. फॉरमॅट मारू नये ही विनंती, कॅबिनेटवर तशी चिठ्ठीही चिकटवली आहे.

आपला,
एक ग्राहक