छताची ओल रंगाखाली झाकू नका

महोदय,

पाऊस ओसरला की दिवाळीच्या रंगकामाची घाई सुरू होते आणि छतावरचे पिवळे डाग पुट्टीखाली गडप होतात. पाणी मात्र स्लॅबमध्ये मुरतच राहते. खालून लावलेला वॉटरप्रूफ रंग ते अडवू शकत नाही. गळती वरूनच बंद करावी लागते.

त्यासाठी ती कुठली हे आधी कळायला हवे. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख लिहावी. डाग फक्त पावसात पसरला तर संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. बाराही महिने, अंघोळी-धुण्यानंतर ओल वाढत असेल तर वरचे बाथरूम तपासावे : नहाणी ट्रॅपला (जाळीखालच्या निचऱ्याच्या तोंडाला) बूच मारून जमिनीवर दोन इंच पाणी 24 ते 48 तास साठवावे आणि खालून लक्ष ठेवावे. पुष्कळदा ट्रॅपभोवतीचा सांधाच दोषी निघतो. टाइल्सच्या फटींत नुसते ग्राउट (सांधे बुजवणारे सिमेंट) भरून तो दोष जात नाही. वरचे घर बंद असूनही ओल हटत नसेल तर भिंतीत किंवा जमिनीत गाडलेली नळाची लाइन पाहावी. थेंब पडतो तिथेच वर दोष असतो असेही नाही. पाणी वायरिंगच्या पाइपातून पंख्याच्या हुकापर्यंत येते. तसे दिसताच त्या खोलीचा एमसीबी (मीटरपेटीतला विजेचा स्विच) बंद करावा.

तपकिरी ओघळ, सळईच्या रेषेत गेलेली चीर आणि ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज ही धोक्याची खूण. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून खालचे काँक्रीट ढकलले जाऊन पोपडा कोसळतो. त्याखालचा पलंग, पाळणा लगेच हलवावा. दुरुस्तीत सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत घासून गंजरोधक लेप द्यावा. मग बाँडिंग कोट (जुने-नवे थर जोडणारा लेप) द्यावा आणि तो ओलसर असतानाच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा गिलावा) थराथराने भरावे. सळई बारीक झाली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय हात लावू नये. अशा जागी पीओपी भरणे सर्रास चालते, पण ते ओल धरून सळई आणखी गंजवते.

रंगाआधी छत वाळले का तेही पाहावे : फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने छताला लावून दुसऱ्या दिवशी आत दव दिसले तर रंग लांबवावा.

राहिला खर्च. महाराष्ट्रातील सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (कारभाराच्या नमुना नियमांनुसार) गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती, वरच्या मजल्यावरील छताच्या गिलाव्यासह, सोसायटीने करायची आहे. ती एकट्या सभासदाच्या माथी मारली जाऊ नये.

– एक स्थापत्य अभियंता, डोंबिवली