पत्र मालवणीत लिहायचं होतं

आई आणि बाबा,

पोचले. फोनवर नुसतं ‘पोचलंय’ ऐकू गेलं असेल. पाड्यावर रेंज नाही. शाळेमागच्या टेकाडावर चढलं की एक काडी येते आणि ढग उतरले की तीही जाते. म्हणून पत्र. मोलगीच्या बाजाराला गेले की टाकीन.

हे पत्र मालवणीत लिहायचं ठरवलं होतं. चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. जन्मापासून बोलतेय, पण लिहिली कधीच नाही, त्यामुळे अनुस्वार कुठे द्यायचा इथेच अडले. मग नेहमीची मराठी घेतली, तर बाबा लगेच ‘तुम्ही’ झाला! घरात ‘बाबा, जेवलस काय?’ म्हणणारी मी कागदावर ‘आपली प्रकृती कशी आहे’ विचारायला लागले. ते पानही फाडलं. आता भाषा शाळेतली आणि ‘तू’ घरातला, असं चालवून घ्या.

प्रवास नेहमीसारखाच. कुडाळहून तुतारी एक्स्प्रेस, दादरला मावशीकडे दिवसभर, रात्री भुसावळची गाडी. वापी, सुरत झोपेत गेलं. नवापूरला मात्र या वेळी मुद्दाम जागी राहिले. बाबा, तू नेहमी विचारतोस ना, ‘आपल्याच राज्यात जावक दुसऱ्या राज्यातसून कित्याक जातंस?’ त्याचं उत्तर या स्टेशनावर आहे. फलाट अर्धा गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. एका बाकावर तर मधोमध रेघ आहे, एकीकडे महाराष्ट्र लिहिलंय, दुसरीकडे गुजरात. त्यावर एक आजोबा आडवे झाले होते, डोकं एका राज्यात आणि चपला दुसऱ्यात. त्यांना काही फरक पडत नव्हता.

नंदुरबारला एसटी उशिरा होती, म्हणून शिरीषकुमारच्या स्मारकापर्यंत चालत गेले. चले जाव चळवळीत ९ सप्टेंबर १९४२ ला पोलिसांची गोळी लागली तेव्हा तो १५ वर्षांचा होता. शाळेत आपण धडा पाठ केला, पण ‘नहीं नमशे, नहीं नमशे’ ही त्याची घोषणा गुजराती आहे हे तेव्हा कधी डोक्यातच आलं नाही. झेंडा घेतलेल्या त्या पोराला ‘आधी नीट मराठीत बोल’ असं कुणी म्हटलं नसणार.

मला म्हटलं होतं. आई, तुला कदाचित आठवत नसेल. पहिलीत मी बाईंना म्हणाले, ‘माका पानी होया.’ बाई म्हणाल्या, ‘काय हवंय?’ मी पुन्हा तेच. ‘मला पाणी पाहिजे’ असं म्हणेपर्यंत त्यांनी उभं ठेवलं. मागची पोरं हसत होती, आणि घरी तीसुद्धा माझ्यासारखीच बोलायची. संध्याकाळी तुला सांगितलं तर तू म्हणालीस, ‘मगे नीट बोलूचा ना.’ पाहुणे आले की तूही मला डोळ्यांनी दटावायचीस, आठवतं?

रागाने लिहीत नाही. त्या नीट बोलण्यावरच मी परीक्षेत मार्क मिळवले आणि ही शिक्षिकेची नोकरी मिळाली. म्हणून तर जास्त गोंधळ होतो.

गेल्या जूनमधली एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती, लाज वाटत होती. पहिलीतली एक पोर दारातच बसून रडत होती, ‘याहा, याहा.’ मला वाटलं कुणा मैत्रिणीचं नाव असेल. हजेरीपट उघडून मी विचारतेय, ‘याहा कोण? कितवीत आहे?’ सगळा वर्ग खो खो हसला. पोषण आहाराचा भात शिजवणाऱ्या ताई पळी हातात घेऊनच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, आईला बोलावतेय ती.’ देवमोगऱ्याची देवी याहा मोगी, जिच्या यात्रेला इथली गावंच्या गावं जातात, तिच्या नावातही तीच आई. आणि मी तिला पटावर शोधत होते.

बरं, यानंतर मी एकदम शहाणी झाले असं नाही. आठवड्याभरात एका पोराला ‘मराठीत सांग’ म्हणून उभं केलंच. त्याने खिडकीकडे बघितलं, आणि बाईंच्या टेबलापाशी उभी असताना मी कशी बघत असेन ते मला कळलं.

आता फळ्यावर मधे रेघ मारते. एका बाजूला त्यांचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. त्यांचा शब्द मी लिहिते आणि पोरं तपासतात. बहुतेक वेळा चुकतो. माझा उच्चार ऐकून त्यांना जो आनंद होतो तो गोष्टीच्या तासालाही होत नाही. तिसरीतला एक तर माझी तोंडी परीक्षाच घेतो, आणि नापास केलं की हात पुढे कर म्हणतो. केंद्रप्रमुख तपासणीला आले की मात्र वाचन मराठीतच लागतं. पुढे तालुक्याला, आश्रमशाळेत ही पोरं गेली की तिथे रेघ मारणारं कुणी असेल का, या विचाराने कधी कधी वाटतं, मी त्यांचं नुकसान तर करत नाही ना? विचारायला दुसरे गुरुजी आहेत, पण ते म्हणतात, ‘मॅडम, दिवाळीनंतर यातली निम्मी ऊसतोडीला गुजरातेत जाणार, तेव्हा आधी ती थांबवा.’ त्यांचंही खरंच आहे.

बाबा, १६ हजारांत एवढ्या लांब कशाला, हे तू या सुट्टीतही तीनदा म्हणालास. तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायचीच आहेत, त्यातलं एक सरलं. पुढे बदलीचा अर्ज भरीन की नाही, ते आत्ताच विचारू नकोस. इथे मी ‘कोकणवाल्या मॅडम’, नंदुरबारच्या दुकानात ‘गोव्याकडच्या’, आणि परवा आपल्या अंगणात शेजारची काकी म्हणाली, ‘नंदुरबारवाली इली!’ मला तिन्हीला ‘हां’ म्हणायची सवय झालीय.

आई, एक काम आहे. तुझी आजी सांगायची ती मालवणी कोडी फोनवर रेकॉर्ड करून ठेव. पोरांना मी कबूल केलंय की आमच्या घरची बोलीसुद्धा पुस्तकात नसते. त्यांचा विश्वास बसत नाही.

आणि गुरुजी मुंबईला जाताहेत, त्यांच्याकडे मावशीसाठी पिशवी देतेय. त्यात तुझ्यासाठी अर्धा किलो आमचूर आहे, ते मावशीकडून मागवून घे. ज्या पोरीची याहा मी पटावर शोधली, तिच्या याहानेच दिलंय. इथे आंबा पिकायची वाट बघत नाहीत. कैऱ्या सोलून, फोडी करून सगळ्या मे महिन्यात कौलांवर, खडकांवर वाळत घालतात. आपल्याकडच्या हापूसवाल्यांना बघवणार नाही. बांगड्याच्या तिखल्यात एकदा सोलांऐवजी हे घालून बघ. बाबाला आधी सांगू नकोस, जेवून झाल्यावर विचार.

तुमचं,
नंदुरबारवालं