स्वाक्षरीसाठी मुलांना ताटकळवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आणि पुढे दिवाळीच्या सुट्टीत बरीच सार्वजनिक ग्रंथालये कुमारवयीन मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांना बोलावतात. पत्रिकेवर छापलेले असते ‘लेखक तुमच्या भेटीला’. प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, ईशस्तवन, परिचय, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय भाषण आणि आभार यांत दीड तास जातो. ज्यांच्यासाठी हा घाट घातला, त्या बारा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला शेवटची वीस मिनिटे येतात आणि तोवर लेखकाला न्यायला गाडी दारात आलेली असते. मग टेबलाभोवती कोंडाळे, पुढे घुसणारे पालक, उघड्या पुस्तकावर सांडलेला चहा. यात दोष मुलांच्या बेशिस्तीचा नसतो, आखणीचा असतो.

आधी साधा हिशेब करावा. नाव, दोन शब्द, सही आणि तारीख लिहायला आणि मुलाशी एखादे वाक्य बोलायला पाऊण ते एक मिनिट लागते. नव्वद मुले आली तर दीड तासापर्यंत वेळ इथेच गेला. त्यात प्रत्येकाला नाव विचारणे आणि सहीचे पान शोधणे यात मिळून पंचवीस सेकंद गेले, तर आणखी जवळजवळ चाळीस मिनिटे वाढतात. ही चाळीस मिनिटे वाचवता येतात, आणि तीही एका चिठ्ठीने.

मूल दारातून आत आले की पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा कागद त्याच्या हातात द्यावा आणि त्यावर स्वतःचे नाव मोठ्या अक्षरात, स्वतःच्या हाताने लिहायला सांगावे. ऋतुजा की ऋतूजा, मृण्मयी की मृन्मयी, श्रेया की श्रिया, हे कानाने कळत नाही आणि सहीच्या पानावर चुकलेले नाव खोडता येत नाही. पुस्तक भेट द्यायचे असेल तर ज्याला द्यायचे त्याचे नाव लिहावे. फक्त सही हवी असेल तर तसे लिहावे. चिठ्ठी सहीच्याच पानात, थोडी बाहेर डोकावेल अशी ठेवावी. लेखकाच्या शेजारी बसलेला कार्यकर्ता पुस्तक तिथे उघडून पुढे सरकवतो आणि लेखकाला मान वर करून मुलाकडे बघायला सवड मिळते. सही शीर्षकपानावर घ्यावी किंवा त्याआधीच्या, फक्त पुस्तकाचे नाव असलेल्या पानावर. मुखपृष्ठाच्या आतली बाजू टाळावी. ती बहुधा गुळगुळीत असते आणि तिथे शाई धरत नाही.

पेनाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सर्वाधिक पुस्तके त्यानेच खराब होतात. चित्रांची पुस्तके गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली असतात. त्यावर जेल पेनची शाई वाळायला वेळ घेते आणि पुस्तक लगेच मिटले की समोरच्या पानावर उलटी सही उमटते. तिथे बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर बरा. कादंबऱ्यांचा साधा मॅपलिथो कागद मात्र मार्करची शाई पिऊन घेतो, डाग मागच्या पानावर जातो. त्यासाठी चांगले बॉलपेन पुरे. फाउंटन पेन दिसते छान, पण साध्या कागदावर फुटते. टेबलावर दोन्ही प्रकारची तीन-तीन पेने आणि टीपकागदाचे तुकडे ठेवावेत. सही झाल्यावर पुस्तक अर्धे मिनिट उघडेच राहू द्यावे.

मुलांना रांगेत उभे करूच नये. वीस-वीसच्या गटांना वेगवेगळ्या रंगांचे टोकन द्यावे, वाचनकक्षात बसवावे आणि एक गट संपत आला की पुढच्या रंगाला हाक मारावी. तालुक्याच्या ठिकाणी पहिला रंग खेड्यातून आलेल्या मुलांना द्यावा, कारण त्यांची शेवटची एसटी आपल्यासाठी थांबत नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे आहे. ते बऱ्याच ग्रंथालयांच्या भिंतीवर लावलेले असते. कार्यक्रमाच्या दिवशी नेमके त्यावर फ्लेक्स येतो.

बैठकीची मांडणीही बदलायला हवी. व्यासपीठावरच्या उंच टेबलामागे लेखक आणि खाली मूल, असे असले की मूल पुस्तक पुढे करते, थँक्यू म्हणते आणि पळते. टेबल खाली जमिनीवर असावे आणि मुलासाठी लेखकाच्या बाजूला, समोर नव्हे, एक खुर्ची असावी. लेखक उजव्या हाताने लिहीत असेल तर ही खुर्ची त्याच्या डाव्या हाताला ठेवावी, म्हणजे लिहिताना कोपर लागत नाही. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी हवी. पालकांनी चार पावले मागे थांबावे. ‘सांग ना काकांना, तुला कुठली गोष्ट आवडली,’ असा मागून धक्का मिळाला की तेरा वर्षांचे मूल हमखास गप्प होते. फोटो एकाच कार्यकर्त्याने त्या-त्या पालकाच्या फोनवर काढावेत. मुलांचे चेहरे ग्रंथालयाच्या समाजमाध्यमांवरील पानावर टाकायचे असतील तर पालकांची परवानगी चिठ्ठीच्या मागेच घेऊन ठेवावी.

या वयाच्या मुलांची अडचण वेगळी असते. बालविभागात पाच-सहा वर्षांच्या मुलांशेजारी सतरंजीवर बसायला त्यांना लाज वाटते आणि मोठ्यांच्या कपाटाकडे जायला कुणी सांगितलेले नसते. त्यांना आधी पुस्तक वाचायला मिळाले नाही, तर सही हा नुसता सोपस्कार होतो. म्हणून लेखकाला दोन महिने आधी पत्र पाठवावे आणि त्यांच्या एखाद-दोन पुस्तकांच्या निदान पाच-पाच प्रती महिनाभर आधी फिरत्या ठेवाव्यात. देवघेवीच्या टेबलावर प्रश्नपेटी ठेवावी. ‘लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली’ हा प्रश्न मोठी माणसे विचारतात. मुले विचारतात की तो कुत्रा शेवटी परत का आला नाही. असे आठ-दहा प्रश्न निवडून लेखकाला आदल्या दिवशी कळवावेत. वीस मिनिटे प्रश्नोत्तरे आणि लगेच सह्या, एवढा कार्यक्रम पुरतो. पाहुण्यांचा सत्कार करायचाच असेल तर तो शेवटी करावा, म्हणजे किती जण थांबतात तेही कळेल.

विक्रीसाठी पुस्तके प्रकाशकाकडून किंवा स्थानिक विक्रेत्याकडून न विकल्यास परत घेण्याच्या बोलीवर मागवावीत. ऐंशी मुले अपेक्षित असतील तर नव्या पुस्तकाच्या चाळीस-पन्नास आणि जुन्या प्रत्येकाच्या दहा-पंधरा प्रती पुरतात. क्यूआर कोडसोबत सुटे पैसेही ठेवावेत, कारण मुले जमवलेल्या नोटा घेऊन येतात. ज्याला पुस्तक परवडत नाही त्याने रिकाम्या हाताने का जावे? तीन बाय चार इंचांच्या जाड कागदाच्या स्वाक्षरीपट्ट्या छापून घ्याव्यात. लेखकाने त्यावर मुलाचे नाव घालून सही करावी. पुढे कधी पुस्तक घेतले की ती आत चिकटवता येते. कोऱ्या कागदावर मात्र नुसती सही मागू नये, तिचा गैरवापर होऊ शकतो. काही लेखक वाचकांसाठी बँकेतल्या सहीपेक्षा वेगळी सही ठेवतात, ते याच कारणाने.

लेखकाचा हातही माणसाचाच असतो. चाळीस मिनिटांनी दहा मिनिटे विश्रांती आणि पाणी द्यावे. प्रवासखर्च आणि मानधन किती, हे निमंत्रणाच्या पत्रातच आकड्यात लिहावे. ‘मुलांसाठीच तर आहे’ म्हणून ते टाळले जाते; मांडववाल्याला असे सांगायची हिंमत कुणी करत नाही.

ग्रंथालयाच्या मालकीच्या सगळ्या प्रतींवर सह्या घेण्याचा मोह आवरावा. सही असलेली प्रत परत न येण्याची शक्यता वाढते. एकाच प्रतीवर सही घ्यावी, तिचा दाखल क्रमांक नोंदवावा आणि ती संदर्भ विभागात ठेवावी. त्या दिवशी बोलायला धजावली नाहीत अशी मुले नंतर पत्र लिहितात. त्यांना लेखकाचा पत्ता किंवा फोन नंबर देऊ नये. पत्रे पंधरा दिवस ग्रंथालयात गोळा करावीत आणि एका पाकिटात घालून पाठवावीत. पाकिटात ग्रंथालयाचा पत्ता आणि तिकीट लावलेले उत्तराचे पाकीटही ठेवावे.

आपले,
सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागातील काही कार्यकर्ते