वास मारणारा शिल्लक रंग वर्गखोल्यांना नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत उशिरा उघडतात आणि त्याआधी गावोगावी शाळा-अंगणवाड्यांच्या भिंती रंगविण्याची लगबग सुरू होते. निधी अपुरा असल्याने कोणाच्या तरी घरी पडून असलेले डिस्टेंपरचे किंवा इमल्शनचे अर्धे डबे आणले जातात. हेतू चांगलाच असतो; परंतु झाकण उघडताच ज्या रंगाला आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो लहान मुलांच्या खोलीला लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डिस्टेंपर-इमल्शनसारख्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगात जंतू वाढू नयेत म्हणून कारखान्यातच औषध घातलेले असते, पण ते मर्यादित प्रमाणात. आपल्याकडे विहिरीच्या पाण्याने रंग पातळ केला जातो, त्यात मळका ब्रश बुडतो, आणि सायंकाळी बादलीत उरलेले सारे पुन्हा मूळ डब्यात ओतले जाते. मग तो डबा टिनाच्या छताखाली, पारा ४५ अंशांवर नेणारा उन्हाळा काढतो. रंगाला दाटपणा देणारे सेल्युलोजचे घटक जंतू खातात, त्यामुळे रंग पाणचट होतो, आणि त्यातूनच गंधकयुक्त वायू व आम्ले तयार होऊन दुर्गंधी सुटते. फुगलेले झाकण हीसुद्धा त्याचीच खूण असू शकते.

अशा रंगात अत्तर, फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडर टाकण्याचा उपाय सांगितला जातो. अत्तराने वास झाकला जातो, नासलेला रंग सुधारत नाही. आणि रंगात अमोनिया असल्यास ब्लीचिंग पावडरमुळे विषारी वायू निघू शकतो. भिंत वाळल्यावर वास कमी होतो हे खरे, परंतु श्रावणातल्या दमट हवेत, खिडक्या लावलेल्या खोलीत तो पुन्हा येऊ शकतो, आणि तेव्हा मुले तिथेच बसलेली असतात. त्यावर चांगल्या रंगाचा हात द्यावा लागला, तर वाचलेला पैसा त्यातच जातो.

जुन्या ऑइल पेंटची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यातला धोका नाकाला कळत नाही. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा डबा शाळेच्या दारा-खिडक्यांना आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांनाही वापरू नये.

जिथे भिंतीवर आधीपासून चुनाच आहे, तिथे ताजा भिजवलेला चुना स्वस्त व उत्तम; इमल्शनवर मात्र तो धरत नाही. रंग उरवायचाच असेल, तर लागेल तेवढाच वेगळा काढून पातळ करावा आणि मूळ डब्यात काहीही परत ओतू नये.

नासलेला रंग नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतणे तर सर्वस्वी चुकीचे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच टाकाऊ रंगाच्या डब्यांची गणना घातक घरगुती कचऱ्यात केली होती. खेड्यांत मात्र असा कचरा द्यायचा कुठे, हे कोणी सांगत नाही. पंचायत समित्यांनी तालुक्याच्या ठिकाणी असे डबे स्वीकारण्याची सोय करावी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी दान आलेला प्रत्येक डबा रंगकामाआधी उघडून पाहावा.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ