महाडच्या डॉक्टर बावस्कर दांपत्यास

आदरणीय डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर,
सादर नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आजोळी, पडवीतल्या लाकडांजवळ, माझ्या चार वर्षांच्या लेकीला तांबडा विंचू चावला. ती किंचाळत होती तोवर मी धीर धरून होते. मग ती गप्प झाली. दोन उलट्या, फ्रॉक पिळून काढावा इतका घाम आणि भर उकाड्यात हातपाय गार. ते गार पाय हाताला लागताच माझी आई मटकन खाली बसली. तिचा धाकटा भाऊ असाच गेला होता, सकाळपर्यंत धाप लागून.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरताईंनी पाय चाचपले, वजन केलं आणि वजनाच्या हिशोबाने प्राझोसिन दिलं. "उचलून घेऊ नका, आडवीच राहू दे," असं दोनदा बजावलं, कारण या औषधाने रक्तदाब एकदम उतरू शकतो. रडणारी लेक समोर आणि तिला उचलायचं नाही! रात्रभर तिचा हात धरून बसले. दर तीन तासांनी औषध. पहाटे तिचे तळवे कोमट लागले.

"हे बावस्कर सरांचं काम," ताई म्हणाल्या. म्हणून मी शोधून वाचलं. हिंमतराव सर, १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात तुम्ही रुजू झालात, तेव्हा असे गंभीर रुग्ण शंभरात चाळीसच्या आसपास दगावत. तुम्ही त्यांच्या उशाशी बसून लक्षणं टिपलीत. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. प्राझोसिन त्या वाहिन्या सैल करतं. १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे मृत्यू शंभरात एकापर्यंत उतरले.

मला सर्वांत मोठं वाटतं ते त्यानंतरचं. आपलंच औषध पुरेसं आहे का, हे तुम्ही पुन्हा तपासलंत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७० रुग्ण होते. विंचवाच्या विषावरच्या लसीसोबत (प्रतिविषासोबत) प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसतं प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८. स्वतःच्या शोधाला असं पणाला लावायला फार मोठं मन लागतं.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "बिरवाडीचं साल कुठलं?" मी सांगितलं. तिचा भाऊ त्याआधी नऊ वर्षं गेला. तिचाही नमस्कार तुम्हाला कळवायला सांगितलं आहे.

आपली कृतज्ञ,
एक आई